पिवळी ज्योत

कोल्हापूर
रविवार, दुपार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर तू शेगडी दाखवलीस. "आण्णा, खालच्या मजल्यावरच्या ताई घर सोडून गेल्या, त्यांच्याकडनं घेतलो, बाराशेत." पुण्यात दोन वर्षं काढलीस तरी तुझं 'घेतलो, केलो' सुटलं नाही, ऐकून बरं वाटलं. तू हौसेनं दोन्ही बर्नर पेटवून दाखवलेस आणि मी गप्प झालो. तुझ्या आईला वाटलं, मला शेगडी पसंत पडली. मग तू पातेल्याचं बूड कॅमेऱ्यापुढं धरून म्हणालीस, "कितीबी घासलं तरी काळं होतंय, इथलं पाणीच बेकार." पाण्याचा काय संबंध, बाळा. रात्रभर मला झोप नाही.

फोनवर सांगायला गेलं की तू 'हो आण्णा, हो आण्णा' करतेस आणि तिकडं दुसऱ्या हातानं कुणाला तरी मेसेज करत असतेस. म्हणून लिहितोय. आपल्या गल्लीतला पोरगा आज रात्रीच्या गाडीनं पुण्याला निघालाय, त्याच्याकडे हे पत्र आणि डबा देतो. पत्र मिळाल्यापासून मी येईपर्यंत ती शेगडी पेटवायची नाही. तुझ्या मैत्रिणीची इंडक्शन आहे, त्यावर भागवा.

कारण सांगतो. लक्ष्मीपुरीतल्या त्या खोपट्यात तीस वर्षं शेगड्या उघडल्यात, तेव्हा हे तरी मला कळायला हवं. एकच बर्नर पिवळा जळत असेल तर कचरा असतो. नळकांड्यात जळमट, भोकात ऊतू गेलेलं दूध, कधी झुरळसुद्धा. पण तुझे लहान-मोठे दोन्ही बर्नर पिवळे, ज्योत वीतभर उंच, पातेल्याच्या कडेनं वर चढणारी, आणि तूच म्हणालीस की पहिल्या दिवसापासून अशीच आहे. हा कचरा नव्हे. मी विचारलं, त्या ताईंकडे टाकी होती की पाइपचा गॅस? तू म्हणालीस, पाइपचा. झालं, तिथंच मला उलगडलं.

शेगडीच्या पोटात, बटणाच्या मागं, पितळेचा एक बारका तुकडा असतो. तांदळाच्या दाण्याएवढं त्याचं डोकं. त्याला जेट म्हणतात. त्यातलं भोक टाकीच्या गॅससाठी मिलिमीटरभरसुद्धा नसतं. त्यातून गॅस जोरात सुटतो, सुटताना शेजारची हवा ओढून घेतो, नळकांड्यात दोघं मिसळतात आणि वर बर्नरला येतात. पाइपचा गॅस पातळ. घनफळाला घनफळ धरलं तर टाकीच्या गॅसमध्ये त्याच्या जवळजवळ अडीचपट उष्णता, शिवाय टाकीचा गॅस रेग्युलेटरमधून 30 मिलिबार दाबानं येतो, पाइपचा साधारण 21 नं. म्हणून पाइपवाल्यांच्या शेगडीला मोठ्या भोकाचे जेट बसवतात. त्या ताईंनी बसवून घेतले असणार, त्यांचं बरोबरच होतं. तू ती शेगडी उचललीस आणि टाकीला जोडलीस. आता त्या मोठ्या भोकातून नको तेवढा गॅस येतोय, त्याला पुरेल इतकी हवा मिळत नाही, आणि अर्धवट जळालेला कार्बन पिवळा दिसतो. तोच पातेल्याला काजळी होऊन बसतो.

काजळी घासून निघेल. मला भीती दुसऱ्याची आहे. अर्धवट जळण्यात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं ऑफिसचा ताप. तू गेल्या आठवड्यात आईला म्हणालीस की संध्याकाळी स्वयंपाक करताना डोकं जड होतं. खिडकी डासांमुळं बंद असते असंही म्हणालीस. आईनं तुला लिंबू-पाणी घ्यायला सांगितलं. मी त्या वेळी बाजूला बसून पेपर वाचत होतो. आता स्वतःचाच राग येतोय.

आता कृपा करून यूट्यूब बघून स्क्रू ड्रायव्हर घेऊ नको. जेटमध्ये सुई तर अजिबात घालायची नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या शेगड्या सुईनंच बिघडलेल्या असतात. बर्नरच्या भोकांत पिन चालते, जेटच्या भोकात नाही. पितळ मऊ, सुई फिरली की भोक मोठं होतं, आणि मग चांगल्या शेगडीचीही तुझ्यासारखी गत. जेट काढून बसवल्यावर गळती बघावी लागते, ते शिकलेल्या माणसाचंच काम.

दुसरी गोष्ट, ओट्याखालचं ते कपाट. टाकी आत, पुढं प्लायचं दार, दाराला आतून तू आरसा लावलायस. सुंदर दिसतंय. पण टाकीतला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर पाण्यासारखा खाली बसतो, फरशीवरनं सरपटत जातो. बंद कपाटात तो साठत राहणार. दाराला खालच्या बाजूला चांगली मोठी भोकं हवीत, घरमालकाला सांग, नाही ऐकला तर दार काढून ठेव. (पाइपच्या गॅसचं उलटं, तो हलका, छताकडं जातो. त्या ताईंची सवय तुझ्या कामाची नाही.) टाकी कायम उभीच. संपत आली की आडवी करून, हलवून चार पोळ्या काढायची आपल्याकडं जुनी खोड आहे, तुझी आत्या तर गरम पाण्याच्या परातीत ठेवायची. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रवरूप गॅस नळीत येतो आणि भडका उडतो. गॅस संपला तर संपला, नंबर लाव आणि त्या रात्री भेळ खा.

नळी मला काल नीट दिसली नाही, हिरवट काहीतरी दिसलं. हिरवी असेल तर बदलायचीच. एजन्सीकडं केशरी नळी मिळते, आत तारेची जाळी असते, तिच्यावर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की चांगली दिसली तरी बदलायची. दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको, बर्नरच्या खालून किंवा मागून गरम जागेवरनं नेलेली नको. आणि तिला प्लॅस्टिकचं कव्हर घालू नको. उंदरानं कुरतडलेलं तुला कव्हरखाली दिसणार नाही. महिन्यातनं एकदा साबणाचा फेस करून नळीच्या दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरभोवती लाव. बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून गळती बघणारी माणसं मी बघितलीत. एकाच्या भुवया परत आल्याच नाहीत.

नवी टाकी आली की सील बघ, आणि वरच्या कड्याला धरणाऱ्या तीन पट्ट्यांपैकी एकीवर आतल्या बाजूला लिहिलेली तारीख बघ. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. बी-29 असेल तर जून 2029 पर्यंत ती टाकी तपासणीच्या मुदतीत. मुदत उलटलेली आली तर घ्यायची नाही. वजन करून माग, रिकाम्या टाकीचं वजन तिथंच लिहिलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळव.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुला माहीत नाही. तू तेव्हा तिसरीत होतीस. मी पहाटे गंगावेशच्या कट्ट्यावरनं म्हशीचं दूध आणलं होतं, समोर काढलेलं, घट्ट. आई देवळात गेली होती. दूध तापत ठेवलं आणि मी दारात पेपर घेऊन बसलो. असलं दूध किती झटक्यात वर येतं ते तुला ठाऊक आहे. ऊतू गेलं, ज्योत विझली आणि बटण सुरूच. मला आवाजही नाही, वासही नाही, तेव्हा सर्दी होती. आई दारातच थांबली आणि म्हणाली, "गॅसचा वास यायलाय." मी उठून काय केलं असेल? स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या बटणाकडं हात नेला. लोकांना आयुष्यभर सांगत आलो की बटणाला हात लावू नका, आणि माझाच हात आधी बटणाकडं गेला. आईनं मनगट धरून मागं ओढलं. पुढं महिनाभर तिनं मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, आणि ते योग्यच होतं.

म्हणून सांगतो, वास आला तर त्या क्षणी डोकं चालेल असं समजू नको. आधीच पाठ करून ठेव. दिवा, पंखा, एक्झॉस्ट, काहीच लावायचं नाही, आणि चालू असेल तर बंदही करायचं नाही. ठिणगी दोन्ही वेळी पडते. शेगडीची बटणं बंद कर, रेग्युलेटर बंद कर, जमलं तर काढून टाकीला टोपी लाव. दारं-खिडक्या सताड उघड. बाहेर पड आणि बाहेर जाऊनच फोन कर. 1906 हा गॅस गळतीचा नंबर चोवीस तास लागतो. आग लागली तर 101. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो कुजल्यासारखा वास इथाइल मरकॅप्टन मुद्दाम मिसळून आणलेला असतो. पण थोडा वेळ त्यातच उभं राहिलं की नाक मरतं. पाच मिनिटांनी 'आता वास गेला' वाटलं तर त्यावर विश्वास ठेवू नको. ज्योत विझली की आपोआप गॅस तोडणाऱ्या शेगड्याही मिळतात, पण आपल्यासारख्यांच्या घरातल्या बहुतेक शेगड्यांना ती सोय नसते. तिथं दुधासमोर उभं राहणं हीच सोय.

बाकी रोजचं तुला येतंच. रात्री रेग्युलेटर बंद. ओढणी खोचून. लायटर दोनदा मारूनही पेटलं नाही तर बटण बंद करून थोडं थांबायचं, टिकटिक करत बसायचं नाही. बर्नर गार झाल्यावर काढून साबणाच्या गरम पाण्यात घाल, ब्रशनं घास, आणि पूर्ण वाळल्यावरच बसव. शेगडीवर मात्र तांब्यानं पाणी ओतू नको. बटण घट्ट झालं तर खोबरेल तेल सोडू नको. आपल्या गल्लीत सगळ्या बायका सोडतात, दोन दिवस बटण लोण्यासारखं फिरतं आणि मग आतलं ग्रीस धुऊन गेल्यावर माझ्याकडं येतात.

काचेच्या शेगडीबद्दल मी बोलत नाही, आई म्हणते माझं वय झालं. पण बर्नरपेक्षा दुप्पट रुंद भांड्यात रस्सा उकळत ठेवला की उष्णता खाली काचेवर परतते, आणि तापलेल्या काचेवर कुणी गार पाण्याचं फडकं फिरवलं की काम संपलं.

2019 च्या महापुरानंतर दुकानासमोर शेगड्यांची रांग लागली होती, आठवतं? प्रयाग चिखली, आंबेवाडीची माणसं चिखलानं भरलेल्या शेगड्या डोक्यावर घेऊन येत होती. रिकाम्या टाक्या घरात तरंगत होत्या म्हणून सांगायची. तू शाळेला सुट्टी म्हणून दुकानात बसून पाइपच्या ब्रशनं नळकांडी साफ केलीस, चाळीसेक तरी केली असशील. आत पाणी शिरलेला रेग्युलेटर मी कुणाचाच परत लावू दिला नाही, त्यावरनं एक जण माझ्याशी भांडला, तेव्हा तूच त्याला ऐकवलंस, "काका, आण्णा फुकट सांगायलेत, ऐका की." तेव्हा तुला जे कळत होतं तेच आता मी लिहितोय.

पुढच्या शनिवारी सकाळच्या एसटीनं मी येतो. जेट दोन-तीन मापांचे आणतो, स्पॅनर आणि ग्रीस आहेच. तू फक्त शेगडी उलटी करून मागच्या पट्टीवरचा मॉडेलचा नंबर फोटो काढून पाठव. केशरी नळी एजन्सीतनं तू घेऊन ठेव, ती मी आणत नाही, पावती तुझ्याकडं राहू दे.

डब्यात कांदा-लसूण चटणी आहे, आईनं कालच कांडपावरनं आणली. शनिवारी निळ्या ज्योतीवर तांबडा मी करीन. तुझ्या मैत्रिणीला विचारून ठेव, तिखट कितपत झेपतं.

तुझे
आण्णा

ता. क. डोकं अजून जड वाटत असेल तर शनिवारची वाट बघू नको, डॉक्टरला दाखव आणि शेगडीचं त्यांना स्पष्ट सांग.