इंटर्नशिपला निघालेल्या मुक्ताला

सोलापूर

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

आजीचं खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, काळजी करू नकोस. सोमवारपासून तुझी इंटर्नशिप, म्हणून मुद्दाम लिहितेय. जन्मभर सिस्टर म्हणून नोकरी केली, तरी नातेवाइकाच्या स्टुलावरून वॉर्ड वेगळाच दिसतो गं.

हॉस्पिटल चकाचक. फरशीला फिनेलचा वास, कचऱ्याच्या पिवळ्या-लाल-निळ्या बादल्या ओळीत, बेसिनवर हात धुण्याचं चित्र. आणि ड्रेसिंगला आलेली मुलगी एकाच हातमोज्यांवर तीन पेशंट करून गेली! मध्ये मोबाइल वाजला, तोही त्याच हातांनी उचलला. मोजे तिला जपत होते, जखमेला नाही.

शेजारच्या कॉटवर पूर्व भागातल्या एक विडी वळणाऱ्या बाई होत्या. घरची भाषा तेलुगू, मराठी तोडकंमोडकं. चादर ओली झाली म्हणून त्यांनी हाक मारली, तर "सारखं काय आहे तुमचं?" असं खेकसणं वाट्याला आलं. त्या रात्री परत हाक मारलीच नाही. सकाळी माकडहाडावर लाल चट्टा. दाबला तरी पांढरा पडेना. बेडसोरची, म्हणजे पडून-पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात. सोलापुरात बाईला कोरडी चादर मिळू नये, काय म्हणायचं!

माझ्या मते उद्धटपणा आणि अस्वच्छता एकाच घरच्या. पाणी मागायला जो घाबरतो, तो "डॉक्टर, हात धुतलेत का?" हे कधी विचारणार?

तुम्हा डॉक्टरांच्या जमातीला हा प्रश्न पूर्वीपासून झोंबतो. व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने १८४७ मध्ये, शवविच्छेदन करून बाळंतिणींकडे येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावलं. त्याच्या वॉर्डात १८४६ साली शंभरातल्या अकरा बायका दगावल्या होत्या. १८४८ मध्ये जेमतेम एक. तरी मोठमोठे डॉक्टर रागावलेच. आमचे हात घाण?

रात्रपाळीला एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असतो, हे मी भोगलंय. माणूस चिडतं. पण सॅनिटायझर चोळायला २०-३० सेकंद लागतात, आणि नीट बोलायला तेवढेही नाहीत. जुलाबाच्या पेशंटनंतर मात्र सॅनिटायझरवर भागवू नकोस, साबण-पाणीच घे. अंगठी घरी ठेव. स्टेथोस्कोप पुसत जा. वॉर्डातल्या मावशींना अहो-जाहो कर. बेडपॅन आणि फरशी त्यांच्याच हातात, त्या बिनसल्या तर तुझं सगळं धुणं फुकट.

संध्याकाळच्या पाळीची सिस्टर मला आवडली. कॉटच्या पायथ्याशी, पेशंटला दिसेल असं उभं राहून हात चोळायची आणि मग त्या बाईंना विचारायची, "अम्मा, नोप्पी उंदा?" दुखतंय का, एवढंच. बाई तिला सगळं सांगायच्या; तो चट्टाही तिलाच दाखवला.

आजीचे टाके पुढच्या आठवड्यात काढतील. तेव्हा त्याच सिस्टरची पाळी असली तर बरं.

तुझी,
आई