समावेशकतेसाठी झटणाऱ्यांची दखल घ्यावी

महोदय,

विद्यापीठांत संशोधन, क्रीडा आणि राष्ट्रीय सेवा योजनेतील कामगिरीचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. मात्र कातकरी वाडीवरील मुलीचा जातीचा दाखला मिळेपर्यंत तिच्यासोबत तहसील कार्यालयात जाणारा, तिचा महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः बसून भरून घेणारा लिपिक, किंवा अंध विद्यार्थ्याला परीक्षेसाठी वेळेवर लेखनिक मिळवून देणारी प्राध्यापिका यांचे नाव सन्मानपत्रावर क्वचितच येते. अपंग व्यक्तींसाठी सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद २०१६ च्या कायद्यात आहे; पण राखीव जागेवर आलेला विद्यार्थी पदवीपर्यंत टिकतो तो अशाच माणसांमुळे, आणि माझ्या मते हेच काम सर्वांत कठीण आहे.

स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे, आणि १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह महाडचा. त्याच महाडजवळ लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. या सत्याग्रहाची शताब्दी २०२७ मध्ये येत आहे. त्या निमित्ताने लोणेरे येथील विद्यापीठाने, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आणि मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपकेंद्राने अशा माणसांसाठी वार्षिक सन्मान सुरू करावा. त्यात शिक्षकेतर कर्मचारी व विद्यार्थीही पात्र असावेत आणि निवड समितीत वंचित घटकांतील माजी विद्यार्थ्यांना स्थान असावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापक, दापोली