७७७ हा उपाय नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्डप्रेस, जूमला किंवा द्रुपल ही वेबसाइट बनवायची सॉफ्टवेअर शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट ठेवणाऱ्या भाड्याच्या सर्व्हरवर, बसवायला शिकवणारे लेख वृत्तपत्रांतून अधूनमधून येतात. काही अडले तर फोल्डरची परमिशन (कोणाला काय करता येईल ते ठरवणारा अंक) ७७७ करा, असा सल्ला त्यांत अजूनही दिसतो. तो छापणे थांबवावे, यासाठी हे पत्र.

परमिशनचा पहिला आकडा खातेदाराचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १, बेरीज ७. म्हणजे ७७७ केले की कोणालाही लिहायची मुभा. शेअर्ड सर्व्हरच्या एकाच यंत्रावर अनेकांची खाती असतात. खाती नीट वेगळी ठेवलेली नसतील, तर त्यातले एक फुटले की आपल्याही फायली बदलता येतात. शिवाय बहुतेक ठिकाणी पीएचपी (ही सॉफ्टवेअर ज्या भाषेत लिहिली आहेत ती) खातेदाराच्याच नावाने चालते, त्यामुळे इतरांना लिहू देण्याची गरजच नसते. सूईएक्झेक किंवा सूपीएचपी ही कोड खातेदाराच्या नावाने चालवणारी व्यवस्था असेल, तर अशी उघडी फाइल सर्व्हर चालवतच नाही आणि थेट ५०० क्रमांकाची एरर येते. फोल्डरला ७५५, फायलींना ६४४ आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेल्या कॉन्फिग फाइलला ६००, एवढे पुरते.

५०० ही एरर स्वतः काहीच सांगत नाही. सांगतो तो एरर लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेली चुकांची नोंद. तो कंट्रोल पॅनेलमध्ये किंवा साइटच्या फोल्डरातच मिळतो. शेवटची ओळ आधी वाचावी. तिथे डॉट-एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलचा उल्लेख असेल, तर 'पीएचपी_व्हॅल्यू'ने सुरू होणाऱ्या ओळी शोधाव्यात. पीएचपी अपाची या वेबसर्व्हरचे मॉड्यूल म्हणून चालत असेल तरच त्या सर्व्हरला कळतात. सीजीआय किंवा एफपीएम या पीएचपी वेगळे चालवण्याच्या पद्धतींत त्याच ओळींमुळे साइट बंद पडते. ती सेटिंग मग डॉट-यूजर-डॉट-आयएनआय या पीएचपीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहावी. बदल लगेच दिसला नाही म्हणून पुन्हा खाडाखोड करू नये: पीएचपी ही फाइल मुळात ३०० सेकंदांनी एकदा वाचते, तेवढे थांबावे.

कोरे पांढरे पान आले तर पीएचपी मध्येच थांबले आहे आणि एरर दाखवणे बंद आहे, एवढाच अर्थ. कारण पुन्हा लॉगमध्येच. बहुधा मेमरी संपलेली असते, पीएचपीचे एखादे एक्स्टेंशन (जोडभाग) नसते किंवा पीएचपीची आवृत्ती जुनी असते. जूमला ५ आणि द्रुपल १० यांना किमान ८.१ लागते, द्रुपल ११ ला ८.३. आणखी एक कारण सहज निसटते: एफटीपीने (फायली सर्व्हरवर पाठवायची पद्धत) हजारो सुट्या फायली चढवताना चार-दोन राहून जातात. झिप चढवून ती सर्व्हरवरच उलगडावी.

डेटाबेस जोडला जात नाही, ही तक्रार नेहमीची. सीपॅनेल हे कंट्रोल पॅनेल डेटाबेसच्या आणि यूजरच्या नावाआधी खात्याचे नाव जोडते. कॉन्फिगमध्ये ते पूर्ण नाव हवे. नुसता यूजर तयार करून भागत नाही, त्याला त्या डेटाबेसवर अधिकारही द्यावे लागतात, आणि नेमकी हीच पायरी विसरली जाते. काही ठिकाणी डेटाबेसचा सर्व्हर वेगळा असतो. तिथे 'लोकलहोस्ट' (म्हणजे हेच यंत्र) हा पत्ता चालत नाही.

टेबले बनताना 'की ७६७ बाइटपेक्षा मोठी' (की म्हणजे शोधासाठीची सूची) असा संदेश आला, तर डेटाबेस जुना आहे. यूटीएफ८एमबी४ या अक्षरसंचात एका अक्षरचिन्हाला ४ बाइट धरतात. २५५ चिन्हांचे १०२० होतात, बसतात फक्त १९१. अशा वेळी लॅटिन१ हा रोमन लिपीपुरता अक्षरसंच निवडून वाट काढू नये, देवनागरी मजकुराची प्रश्नचिन्हे होतात आणि साठवलेला मजकूर परत मिळत नाही. होस्टकडे डेटाबेसची नवी आवृत्ती मागावी.

सगळे ठीक असूनही होस्टचेच स्वागतपान दिसते? जुनी इंडेक्स-डॉट-एचटीएमएल फाइल काढून टाका.

आणि इन्स्टॉलेशन अर्धवट सोडून झोपायला जाऊ नये. सेटअपचे पान उघडे राहिले, तर कोणीही परका तिथे स्वतःचा डेटाबेस जोडून त्या साइटचा अ‍ॅडमिन होऊ शकतो आणि हवा तो कोड आपल्या खात्यात चढवू शकतो. पुढे जाता येत नसेल, तर चढवलेल्या फायली पुसून टाकाव्यात आणि सवडीने पुन्हा सुरुवात करावी.

आपला,
एक वाचक