पार्सलसोबतचं पत्र

प्रिय सोनू,
सप्रेम जय भीम.

फोन तू ठेवलास की रेंज गेली ते मला समजलं नाही. दादा म्हणतो रेंज गेली. मी म्हटलं बरं. पण नंतर लावला तर तू उचलला नाहीस, म्हणून हे लिहून राहिली आहे. दादा याचा फोटो काढून तुला व्हॉट्सॲपवर टाकेल आणि कागद पार्सलात ठेवेल. अक्षर लागलं नाही तर त्यालाच विचार.

आधी तुझं काम सांगते. भांड्यापुढच्या नावाच्या चिठ्ठीवरून आपलं वाजलं, ते मी या पत्रात काढणार नाही.

शनिवारी तुमच्या ऑफिसातलं जेवण, पंचवीस माणसं, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा, आणि तुझ्यासोबतची एक मुलगी दूध, दही, तूप, मधसुद्धा खात नाही, म्हणून रंगीबेरंगी कडधान्यांचं सॅलड. चांगलं निवडलंस. आजीला सांगितलं तर ती हसतच सुटली. म्हणे, दूध-तुपाशिवायचं जेवण आता पुण्यात शिकवतात का? आपल्याकडे म्हैस आली तेव्हा दादा चौथीत होता, तोवर आपण सगळे तुझ्या त्या मैत्रिणीसारखेच होतो की.

आमच्या शाळेच्या दुपारच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या पोराला वीस ग्रॅम कडधान्य धरतात, सहावी ते आठवीला तीस. पण तिथे सोबत शंभर-दीडशे ग्रॅम तांदूळ असतो. तुमच्याकडे बाकीचे पदार्थ असतील, तरी माणशी चाळीस ग्रॅम धर. म्हणजे कोरडं एक किलो. भिजून शिजून ते अडीच किलोपर्यंत जातं. राजमा, काबुली चणे आणि बरबटी, तिकडे चवळी म्हणतात ती, पाव-पाव किलो घे. उरलेल्या पाव किलोच्या जागी मी तुरीचे सोले आणि पोपटाचे, म्हणजे वालाचे, दाणे पाठवते, ते ओले आहेत म्हणून अर्धा-अर्धा किलो. तूर यंदा चांगली भरली. सोले काल दुपारी बाबांनी आणि आजीने ओट्यावर बसून सोलले, बाबांनी निम्मे खाल्ले.

राजमा आपल्या शेतातला नाही, म्हणून त्याचं नीट ऐक. रात्रभर भिजव, ते पाणी फेकून दे, नवीन पाण्यात कुकरला चांगला मऊ होईपर्यंत शिजव. कच्चट राहिलेल्या राजम्याने उलट्या होतात, आणि त्या होतातच. त्याला मोड आणून कच्चा टाकायचा तर विचारही करू नको. मंद आचेवर तासन्‌तास ठेवायचं ते विजेचं भांडं तुझ्या रूमवर आहे ना, त्यात तर मुळीच नको, आधी खळखळून उकळी लागते त्याला. चणेही रात्रभरच. बरबटीला चार-पाच तास पुरे, एखादी शिटी झाली की झाली, नाहीतर तिचं पिठलं होतं. सोले मिठाच्या पाण्यात उकळ, पण झाकण टाकू नको म्हणजे हिरवेगार राहतात. पोपट उकळून त्याचं साल काढ. कंटाळवाणं काम आहे, पण कर.

सगळं वेगवेगळं शिजव. राजमा आणि चणे एकत्र टाकलेस तर चणे लालसर होतात आणि मग रंगीत म्हणायला उरतं काय? लिंबू शिजताना कधीच नाही. आंबट पडलं की दाणा मऊ व्हायला मागत नाही. पण शिजून निथळला की गरम असतानाच लिंबू, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड लाव. गरम दाणा आत ओढून घेतो, थंड झाल्यावर लावलेलं सगळं तळाशी जातं. तेल घाण्याचं जवसाचं पाठवते आहे, ते तापवायचं नाही, कच्चंच. भिवापुरी मिरची भरड कुटून दिली आहे. ती दिसायला साधी असली तरी चिमटीनेच टाक, तिकडच्या लोकांना सोसणार नाही.

काकडीच्या बिया काढ, भेदराचा, म्हणजे टमाट्याचा, गर काढ, नाहीतर दुपारपर्यंत सगळं पाणी-पाणी होतं. सांबार भरपूर. तुझ्या रूममेटला सांग, सांबार म्हणजे कोथिंबीर, गेल्या वेळी ती इडली शोधत बसली होती. कांदा, गाजर, बीट वेगळ्या वाट्यांत ने, तुमच्यातला तो जैन मुलगा घेणार नाही. बीट तसंही शेवटीच, ते सगळ्यांना रंगवून सोडतं. आंबिया बहाराची संत्री आहेत थोडी, फोडी सोलून बिया काढून वरून ठेव, वाढायच्या वेळी. जवस भाजून पूड केली आहे, तीही तेव्हाच.

लाखोळीच्या डाळीचे वडे नेऊ का, असंही विचारत होतीस. नको. आजी सांगते की दुष्काळात लोकांनी महिनोन्‌महिने नुसती लाखोळीच खाल्ली आणि पाय गेले त्यांचे. म्हणून १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी होती. सणाच्या चार वड्यांनी कोणाचे पाय जात नाहीत, आपण सगळे चालतोच आहोत. पण तिथे कोणी मोबाइलवर शोधलं, की तू काय आणलंस म्हणून तुलाच ऐकावं लागेल. उगाच कारण कशाला द्यायचं.

हे बघ, पुन्हा तिथेच आले.

प्रत्येक भांड्यासमोर पदार्थाचं नाव आणि करणाऱ्याचं पूर्ण नाव लिहायचं, असं तू सांगितलंस आणि माझ्या तोंडून निघून गेलं की नुसतं सोनू लिही, आडनाव लिहू नको. मला लाज वाटते म्हणून नाही गं. तू म्हणालीस, मग बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर कशाला लावलाय? त्यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. अजूनही नाही.

तुला आठवत नसेल, तू बालवाडीत होतीस. मी शाळेत पोरांच्या जेवणाचा गंज, ते मोठं पातेलं, पहिल्यांदा चढवला. मटकीची उसळ आणि भात. मटकीला मोड असे आले होते की बघत राहावं, आणि तेल घरचं टाकलं होतं थोडं, कोणाला न सांगता. घंटा झाली आणि काही पोरांनी दप्तरातून डबे काढले. सरळ पाठ करून बसले. लहान पोरं ती, त्यांना काय कळतं, घरून सांगितलेलं. कितीतरी दिवस अर्धा गंज तसाच राहायचा. मी झाकण लावून, ओढणीखाली झाकून आणायची, बाबांना दिसू नये म्हणून. आणि तू आणि दादा दोन्ही वेळ पोटभर खायचे. तू म्हणालीस, आई, रोज उरव ना.

मी रोज हसून हो म्हणायची.

पुढे ते बंद झालं. कोणी समजावलं नाही, गावात सभा झाली नाही. भूक लागली असेल. एक पोरगा आला, मग दुसरा. त्यातला एक आता तालुक्याला बँकेत आहे, रस्त्यात भेटला की गाडी थांबवून काकू म्हणतो, तुमच्या उसळीसारखी कुठे मिळत नाही म्हणतो. त्याच्या घरी मला चहा मात्र अजून बाहेरच्या ओट्यावरच मिळतो. दोन्ही खरं आहे, सोनू. म्हणून तू फोनवर म्हणतेस की ऑफिसात असं काही नसतं, तेव्हा मला तुझा विश्वास वाटतो आणि वाटतही नाही. तोंडावर कोणी काही म्हणणार नाही, ते शिकलेले आहेत. नुसतं तुझ्या भांड्यापाशी आले की चमचा पुढच्या भांड्याकडे जाईल. ते तुला दिसेल. मला त्याचीच भीती आहे, बाकी कशाची नाही.

झालं, लेक्चर दिलंच. तू इंजिनिअर, मी तुला सांगणार. माफ कर.

आजीने हे सगळं ऐकलं. तिला मी वाचून दाखवते मधेमधे. ती तर वेगळंच बोलते. १९५६ च्या ऑक्टोबरात ती तिच्या बापासोबत बंडीने नागपूरला गेली होती, लहान होती. तिला भाषण काही आठवत नाही. तिला आठवतं की माणसं इतकी होती की कोण कुठलं कळत नव्हतं, आणि एका अनोळखी बाईने शिदोरी सोडून तिच्या हातावर भाकर आणि चटणी ठेवली. त्या बाईने आपलं नाव विचारलं नाही म्हणते. त्यामुळेच असेल, गडचिरोलीकडून दीक्षाभूमीला जाणाऱ्यांसाठी आपली वस्ती रस्त्यावर मांडव टाकते तेव्हा हरभऱ्याच्या उसळीचा पहिला गंज आजीचाच असतो. आता तिच्याने सराटा फिरत नाही, तरी खुर्ची टाकून बसते आणि मीठ मला विचारून टाका म्हणते. तू बारावीत असताना तिथे द्रोण वाटत होतीस. एका ट्रकवाल्याने थांबून विचारलं, कोणाचं जेवण आहे, आणि तू काहीच विचार न करता सांगितलंस, आमचं आहे, या. मी मागे भात काढत होते. तुझा तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं, आणि लगेच पोटात गोळाही आला. तो उतरला आणि जेवला. पण त्याआधी तो थोडा वेळ गाडीतच बसून होता, तेवढ्यात माझा हात थांबला होता.

बाबा म्हणतात, तू तिला घाबरवतेस. त्यांचं बरोबर असेल. पण ते कधी वाढायला उभे राहिले नाहीत ना, भांडं परत आणणाऱ्याचं त्यांना काय माहीत?

तेव्हा तू आडनाव लिही, नको लिहू, तुझं तू ठरव. लिहिलंस तर मोठ्या अक्षरात लिही. अर्धवट कुजबुजल्यासारखं नको, मग तेच जास्त दिसतं. आणि भांडं तेवढं पसरट घे. खोल डब्यात रंग दिसत नाहीत, वरचेच दाणे दिसतात. आपल्या त्या कोपरावर, परातीसारख्या भांड्यावर, तुझं नाव कोरलेलं आहे, तेही पाठवू का म्हणून दादाला विचारलं, तर म्हणाला आई, आता पुरे.

पार्सल उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघेल. ड्रायव्हरचा नंबर दादा पाठवेल. मिळाल्यावर सोले आणि पोपट लगेच फ्रिजमध्ये टाक, पिशवीत तसेच राहिले तर खराब होतील. शुक्रवारी रात्री राजमा आणि चणे भिजव, बरबटी पहाटे. सगळं तयार झालं की थंड ठेव आणि जेवायच्या थोडंच आधी बाहेर काढ.

आणि शनिवारी संध्याकाळी फोन कर. उरलं तर उरलं म्हण. माझ्यासाठी संपलं म्हणू नको. तुझा आवाज मला कळतो.

आजीचा आशीर्वाद. बाबा ठीक आहेत, बीपीची गोळी घेतात, मी उभी राहून घ्यायला लावते.

तुझी,
आई

ता. क. – दादा म्हणतो पानकोबीही घाल, स्वस्त आहे. घालू नको. डबा उघडला की आधी तिचाच वास येतो.