जेरोमचा सुटा खंड आणि कार्यालयाची अनामत

बासेल, स्वित्झर्लंड,
रविवार, सकाळ

तीर्थरूप बाबा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या फोनवर आईचा आवाज उतरलेला वाटला आणि तुम्ही विषयच बदललात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझी प्रकृती उत्तम आहे, थंडी ओसरली आहे आणि मेतकूट अजून उरले आहे.

आधी तुमची शंका. जुने ख्रिस्ती ग्रंथ घेतो म्हणजे मी धर्म बदलणार, असे आत्याने सांगितले असेल तर ते तिच्याजवळच राहू द्यावे. वर्गात फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ तुम्हीच रंगवून शिकवत होतात, तेव्हा आपल्या घरी कोणी बाटले नव्हते. गोव्यात राचोलला १६१६ साली छापलेल्या त्या पुराणाची एकही छापील प्रत उरली नाही, याची हळहळ मी तुमच्याच तोंडून ऐकली आहे. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १५१६ मध्ये, याच गावात फ्रोबेन नावाच्या मुद्रकाने संत जेरोमचे समग्र लेखन नऊ खंडांत छापले. चौथ्या-पाचव्या शतकातल्या या पंडिताची पत्रे इरॅस्मस या विद्वानाने पाठभेद ताडून शुद्ध केली होती. त्या आवृत्तीचा पूर्ण संच माझ्या आवाक्यातला नव्हे. मी घेतला तो नंतरच्या आवृत्तीतला एक सुटा खंड, तोही मुखपृष्ठ फाटलेला आणि कसरीने पोखरलेला, म्हणूनच परवडला.

तो एकदा तुमच्या हातात द्यावासा वाटतो. कागद चिंध्यांच्या लगद्याचा आहे, त्यामुळे पान उलटताना खडखडते, आणि तुमच्या कपाटातली पन्नास वर्षांची पुस्तके तपकिरी होऊन तुटत असताना हा पाचशे वर्षांच्या घरातला कागद अजून पांढरा आहे. प्रस्तावनेच्या मथळ्यातले इरॅस्मसचे नाव कोणीतरी शाईने खोडले आहे. १५५९ मध्ये रोमच्या धर्मपीठाने त्याचे सर्व लेखन निषिद्ध ठरवल्यावर असे प्रकार पुष्कळ झाले. गंमत अशी, की खोडणाऱ्याची शाई विटून फिकी पडली आणि छपाईची काळी शाई टिकली. आता नाव स्वच्छ वाचता येते.

पैशांचेही सांगतो, कारण ‘उधारीवर पुस्तके घेतोस’ हे तुमचे वाक्य मला लागले. मी जातो त्या दुकानात किंमत मागच्या पुठ्ठ्याच्या आत शिसपेन्सिलीने लिहिलेली असते आणि घासाघीस करायची नसते. पुस्तक पसंत पडले की दुकानदार ते कागदात गुंडाळून हातात देतो, सोबत बिल देतो आणि पैसे घेत नाही. ते तीस दिवसांत बँकेतून भरायचे. पहिल्या वेळी मी पाकीट उघडून उभा राहिलो, तर तो गृहस्थच अवघडला. ना जामीन, ना अनामत, फक्त पत्ता लिहून घेतला. आपल्या वाण्याच्या वहीशी याचा संबंध नाही, बाबा. येथे अगदी दातांच्या डॉक्टरपर्यंत बराच व्यवहार असाच चालतो, आणि मी एकही मुदत चुकवलेली नाही.

आता छोटीच्या लग्नाचे. मुलाकडच्यांना तारीख पक्की कळवावी. कार्यालयाच्या अनामतीचे पैसे पाच तारखेला पाठवतो. या महिन्यात जमले नाहीत, त्याचे कारण वर आलेच आहे आणि ते पुन्हा लिहवत नाही. साखरपुड्याला मला रजा नाही. लग्नाला मात्र आठ दिवस आधी येतो, तिकीट काढण्याइतके शिल्लक ठेवले आहेत. छोटीने रागावून बोलणे टाकले आहे, तिला माझ्या वतीने समजावावे. गच्चीच्या गळतीसाठी गवंडी बोलवावा, पावसाळ्याची वाट पाहू नये.

आईस साष्टांग नमस्कार, छोटीस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
बाळ

ता. क. पत्र आईला वाचून दाखवालच. खंडाची किंमत तिने विचारली तर साडेचारशे फ्रँक सांगावी. रुपयांत करून सांगू नये.