घरच्या इंजेक्शनचे दुखणे मुकाट्याने सोसू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधुमेह, संधिवात, सोरायसिस, रक्ताच्या गुठळ्या, वंध्यत्व, मायग्रेन अशा कितीतरी तक्रारींवरची औषधे आता घरच्या घरी सुईने घ्यावी लागतात. औषध कोणते, डोस किती, केव्हा घ्यायचा हे चिठ्ठीवर लिहून मिळते. सुई कशी टोचायची तेही एकदा घाईघाईत दाखवले जाते. पण दुखले तर काय करायचे, हे बहुधा कोणी सांगत नाही आणि 'सुई म्हटल्यावर दुखणारच' असे म्हणून माणसे गप्प बसतात. मग आठवड्याचे इंजेक्शन दहा दिवसांवर जाते, जेवणाआधीचे इन्सुलिन टाळले जाते आणि डॉक्टरांना मात्र औषध लागू पडत नाही एवढेच दिसते. घरी सुई घेणाऱ्यांना ती शिकवणारी परिचारिका म्हणून हे पत्र कळकळीने लिहीत आहे. या दुखण्याला बहुतेक वेळा शोधून काढता येईल असे कारण असते आणि ते दूरही करता येते.

आधी एवढेच पाहावे की दुखते नेमके केव्हा. सुई कातडीत शिरतानाच कळ आली, तर दोष सुईत किंवा निवडलेल्या जागेत असतो. सुई सहज गेली पण औषध आत जाताना आग झाली, तर औषधाचे तापमान, त्यातले घटक, मात्रा किंवा सोडण्याचा वेग पाहावा. दोन्ही वेळा काही जाणवले नाही आणि नंतर ठणका लागला किंवा काळेनिळे झाले, तर सुई स्नायूत गेली असेल, बारीक रक्तवाहिनी दुखावली असेल किंवा नंतर जागा चोळली गेली असेल. 'दुखते' एवढेच सांगितले तर डॉक्टरांनाही काही करता येत नाही. 'औषध आत जाताना दुखते' असे सांगितले की अर्धे काम झाले.

सुईपासून सुरुवात करू. औषध भरलेल्या, पेनासारख्या दिसणाऱ्या इंजेक्शनच्या साधनाला पेन म्हणतात. त्याच्या सुईच्या डबीवर दोन आकडे असतात, गेज आणि लांबी. गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, म्हणजे ३२ गेजची सुई ३० गेजपेक्षा बारीक असते. लांबीबद्दल गैरसमज फार आहेत. अंगाने जाड असलेल्या माणसाला लांब सुई लागते असे समजून ८ मिमीची सुई वर्षानुवर्षे वापरली जाते. प्रत्यक्षात इंजेक्शन घेण्याच्या जागांवर प्रौढांची कातडी साधारण २ मिमी जाड असते आणि क्वचितच ३ मिमीच्या पुढे जाते. अंगकाठी कशीही असली तरी या जाडीत फारसा फरक पडत नाही, फरक असतो तो खालच्या चरबीत. म्हणून इन्सुलिनसाठी ४ मिमीची सुई सरळ ९० अंशांत टोचली की औषध कातडीखालच्या चरबीत पोचते. लांब सुई मांडीत किंवा दंडात स्नायूपर्यंत जाऊ शकते. तिथे दुखतेही जास्त आणि इन्सुलिन अनपेक्षितपणे लवकर शोषले जाऊन साखर उतरण्याचा धोकाही असतो. लहान मुलांनी आणि फार सडपातळ माणसांनी ४ मिमीच्या सुईलाही कातडी चिमटीत धरावी. चिमटी अंगठा आणि तर्जनी यांचीच हवी. पूर्ण मुठीत धरले की चरबीबरोबर स्नायूही वर उचलला जातो. चिमटी इतकी घट्टही नको की कातडी पांढरी पडेल.

दुखण्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत सहज टाळता येणारे कारण म्हणजे तीच सुई पुन्हा वापरणे. सुईचे टोक तिरके घासून अतिशय धारदार केलेले असते आणि तिच्यावर सिलिकॉनचा पातळ थर असतो, ज्यामुळे ती कातडीतून सरकते. एकदा टोचली की हा थर निघू लागतो, टोक बोथट होते, कधी किंचित वाकते. नुसत्या डोळ्यांना यातले काही दिसत नाही, पण कातडीला कळते. शिवाय सुई पेनला तशीच लावून ठेवली तर कार्ट्रिजमध्ये, म्हणजे पेनमधल्या औषधाच्या नळीत, हवा शिरते, औषध ठिबकते आणि पुढचा डोस कमी भरतो. प्रत्येक वेळी नवी सुई घ्यायची, ती लावल्यावर इन्सुलिनच्या पेनमध्ये २ युनिट हवेत सोडून टोकावर थेंब आल्याची खात्री करायची, मग डोस लावायचा. कुपीतून औषध काढत असाल तर रबरी बुचातून जातानाही सुई थोडी बोथट होते. सिरिंजची सुई वेगळी होणारी असेल, तर औषध काढायला एक आणि टोचायला दुसरी सुई घ्यावी. त्यामुळे सुईला बाहेरून लागलेले औषध कातडीत जाऊन झोंबत नाही, हा आणखी एक फायदा. जोडूनच आलेल्या सुईच्या इन्सुलिन सिरिंजला हे करता येत नाही, ती एकदाच वापरून टाकावी.

आता जागेविषयी, आणि इथे जरा थांबायला हवे. रोज इन्सुलिन घेणाऱ्या पुष्कळ जणांची एक 'सोयीची' जागा ठरलेली असते, बहुधा नाभीच्या एका बाजूला, हात आपोआप जातो तिथे. 'इथे मुळीच दुखत नाही' असे ते समाधानाने सांगतात. तिथे बोटे फिरवली की कातडीखाली रबरासारखा घट्ट, किंचित उंचवटा लागतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा इन्सुलिन गेल्याने तिथली चरबी फुगून ही गाठ झालेली असते. अशा जागी संवेदना कमी असते म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो. गाठीतून इन्सुलिन कधी हळू, कधी एकदम शोषले जाते. साखर वरखाली होते, डोस वाढवला जातो, दोष मात्र खाण्यावर ढकलला जातो. न दुखणे ही नेहमीच चांगली खूण नसते, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

अशी गाठ हाताला लागली तर त्या जागी टोचणे थांबवावे. ती बहुधा कमी होते, पण त्याला काही महिने लागू शकतात. मात्र नव्या, चांगल्या जागी तेवढाच डोस घेतला तर तो पूर्ण शोषला जाऊन साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलून डोस किती कमी करायचा ते ठरवावे आणि त्या दिवसांत साखर जास्त वेळा तपासावी.

पुन्हा गाठ होऊ नये म्हणून पोटाचे चार भाग कल्पावेत, एका आठवड्याला एक भाग वापरावा आणि त्या भागात प्रत्येक टोचणी आधीच्या टोचणीपासून निदान १ सेंटीमीटर, म्हणजे एका बोटाच्या रुंदीएवढी, दूर घ्यावी. मांड्यांचे दोन-दोन भाग करावेत. पोट, मांडी, कुल्ला यांतून इन्सुलिन शोषले जाण्याचा वेग वेगवेगळा असतो, म्हणून आज सकाळी एक आणि उद्या सकाळी दुसरी अशी जागांची सरमिसळ नको. ठरावीक वेळेच्या डोसला शरीराचा ठरावीक भाग ठेवावा. नाभीपासून अंतर राखावे. बऱ्याच औषधांच्या पत्रकात ते ५ सेंटीमीटर सांगितलेले असते. व्रण, तीळ, निळी शीर, सोरायसिसचा चट्टा, कमरपट्टा घासतो ती जागा टाळावी. मांडीवर पुढच्या आणि बाहेरच्या बाजूचा मधला भाग घ्यावा, आतली बाजू नको. केसाच्या मुळाशी सुई गेली तर जास्त दुखते, तेव्हा दोन केसांमधली मोकळी जागा पाहून घ्यावी. टोचण्याआधी बोटाने दाबून पाहावे. दाबल्यावरच हुळहुळत असेल तर थोडे सरकावे.

औषध फ्रिजमधून काढल्याबरोबर टोचले की आग होते, हे अनेकांना माहीत असते, तरी घाईत विसरले जाते. बहुतेक औषधे २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असतात. संधिवात किंवा सोरायसिसच्या तयार पेनच्या पत्रकात टोचण्याआधी किती वेळ बाहेर ठेवायचे ते लिहिलेले असते, साधारण १५ ते ३० मिनिटे, काहींना ४५. तेवढा वेळ टोपण न काढता ते टेबलावर पडू द्यावे. गरम पाणी, मायक्रोवेव्ह, ऊन यांपैकी काहीही चालत नाही. ही औषधे प्रथिने असतात आणि उष्णतेने बिघडतात. इन्सुलिनचे वापरात असलेले पेन तर फ्रिजमध्ये ठेवण्याची गरजही नसते. बहुतेक प्रकार पत्रकात दिलेल्या तापमानाच्या आत खोलीत २८ दिवस चालतात. न उघडलेली पेने तेवढी फ्रिजमध्ये, आणि फ्रीझरच्या कप्प्याला चिकटून नकोत.

स्पिरिटचेही तसेच. बोळ्याने पुसल्यावर कातडी ओली असतानाच सुई घातली तर स्पिरिट सुईबरोबर आत जाते आणि झोंबते. ते स्वतःहून पूर्ण वाळू द्यावे. फुंकर घालून वाळवू नये, तोंडातले जंतू पुसलेल्या जागेवर येतात.

एवढे करूनही औषध जाताना आग होत असेल, तर ती औषधातच असू शकते. संधिवात-सोरायसिसवरच्या अडालिमुमॅब या औषधाच्या काही उत्पादनांत सायट्रेट हा घटक असतो, काहींत नसतो; सायट्रेट असलेले अनेकांना जास्त झोंबते. ग्लार्जिन या दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचे द्रावण आम्लधर्मी असते, तेही काहींना चुरचुरते. हे सहन करत बसण्यापेक्षा 'याचा सायट्रेट नसलेला प्रकार मिळेल का?' असे डॉक्टरांना सरळ विचारावे. मात्रा मोठी असेल तरी ताण जाणवतो. इन्सुलिनचा मोठा डोस दोन जागी विभागून घेता येतो का, हेही विचारण्यासारखे आहे. स्वतःच्या मनाने मात्र काही बदलू नये.

टोचताना सुई झटकन आणि औषध सावकाश, हा क्रम लक्षात ठेवावा. भीतीने माणसे नेमके उलटे करतात: सुई भीतभीत, हळूहळू आत ढकलतात आणि मग लवकर संपावे म्हणून दट्ट्या जोरात दाबतात. सुई मध्येच वळवू नये, शिरली त्याच कोनात बाहेर काढावी. इन्सुलिन पेनचे बटण पूर्ण दाबल्यावर मनात सावकाश १० आकडे मोजून मगच सुई काढावी, नाहीतर औषध बाहेर ठिबकते. ज्या तयार पेनमध्ये सुई दिसतच नाही, तिथे चूक निराळी होते. पहिला 'टक' आवाज आला की दचकून पेन उचलले जाते, सुई कातडी ओरखडत निघते आणि औषध पोटावर सांडते. पहिला आवाज म्हणजे औषध सुरू झाले. खिडकीतला रंग पूर्ण भरेपर्यंत, किंवा पत्रकात सांगितलेले सेकंद पुरे होईपर्यंत, पेन कातडीवर घट्ट दाबून धरायचे असते. औषध सांडलेच तर लगेच दुसरा डोस घेऊ नये, दवाखान्यात फोन करून विचारावे.

रक्त पातळ ठेवणाऱ्या एनॉक्सापारिनचे नियम थोडे वेगळे आहेत. ते पडून किंवा रेलून बसून, पोटाच्या बाजूला घ्यावे. भरलेल्या सिरिंजमधला पूर्ण डोस घ्यायचा असेल तर तिच्यातला हवेचा बुडबुडा काढू नये. कातडीची घडी सुई बाहेर येईपर्यंत धरून ठेवावी, औषध हळू सोडावे आणि नंतर जागा अजिबात चोळू नये. काळेनिळे डाग बरेचसे चोळण्यामुळे वाढतात. इतर औषधांनंतरही चोळण्याचे काम नाही, कोरडा कापूस नुसता टेकवावा. स्नायूत घ्यायचे इंजेक्शन असेल तर तो स्नायू सैल हवा. मांडीत घेताना बसून गुडघा वाकवावा, पाय जमिनीवर ढिला सोडावा. ताठ पायात सुई जास्त दुखते.

मन दुसरीकडे वळवण्याचे उपायही खरोखर उपयोगी आहेत. टोचायच्या जागेवर आधी १० सेकंद अंगठ्याने दाब द्यावा. स्पर्श आणि दाब यांचे संदेश मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेच्या संदेशाला अडवतात, हा विचार रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडला होता. कापडात गुंडाळलेला बर्फ मिनिटभर लावला तरी चालतो. थेट कातडीवर नको, आणि नंतर जागा कोरडी करावी. सुई शिरताना श्वास सोडावा किंवा हलकेच खोकावे. लिडोकेन-प्रिलोकेनचे बधिर करणारे मलम हवे असेल तर डॉक्टरांना विचारून, तासभर आधी लावून झाकून ठेवावे लागते. पाच मिनिटे आधी लावून काही होत नाही. सुई पाहून ज्यांना भोवळ येते त्यांनी पडूनच घ्यावी.

अडालिमुमॅबसारख्या जैविक, म्हणजे प्रथिनांच्या, औषधांनंतर थोडी लाली आणि खाज येते, ती सहसा काही दिवसांत जाते. पण लाली पसरत गेली, जागा गरम होऊन सुजली, पू किंवा ताप आला, किंवा टोचताना पायात विजेसारखी चमक गेली, तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. अंगभर पित्त उठले, ओठ सुजले किंवा श्वास अडकला तर वेळ न घालवता तातडीच्या उपचारासाठी जावे. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात टाकाव्यात आणि तो तीन चतुर्थांश भरला की बंद करून दवाखान्यात विचारून द्यावा.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून डॉक्टर आणि परिचारिका बंधुभगिनींना दोन विनंत्या आहेत. पहिले इंजेक्शन रुग्णाला तुमच्यासमोर स्वतःच्या हाताने घेऊ द्या, नुसते दाखवून पाठवू नका. आणि दर तपासणीला कपडा बाजूला करून, टोचायच्या जागेवरून बोटे फिरवून पाहा. रुग्णांनीही आपले पेन, सुईची डबी आणि औषधाचे पत्रक तपासणीला सोबत न्यावे.

आपली,
घरी इंजेक्शन घ्यायला शिकवणारी एक परिचारिका