ब्याण्णवच का?

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही पोरीच्या रक्तातल्या ऑक्सिजनच्या आकड्याबद्दल तीनदा विचारलंत, "ब्याण्णवच का? शंभर का नाही? ऑक्सिजन वाढवायला सांग ना." मी धड उत्तर न देता फोन ठेवला. ते रात्रभर मनाला लागून राहिलं, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या ऑक्सिमीटरवर ९२ दिसले की आपण सगळे घाबरतो. इथे पोरीच्या पावलाला गुंडाळलेल्या पट्टीतून लाल उजेड येत असतो, आणि ऑक्सिजन चालू असताना आकडा ९५ च्या वर रेंगाळला तरी यंत्र ओरडतं. मग सिस्टर येऊन ऑक्सिजन कमी करतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांचा हातच धरला होता.

कारण डोळे. २९ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या अजून पुऱ्या वाढलेल्या नसतात. जास्त ऑक्सिजनने ती वाढ अडते आणि पुढे त्या वेड्यावाकड्या वाढतात. १९४० आणि १९५० च्या दशकांत काचेच्या पेटीत सढळ हाताने ऑक्सिजन दिलेली हजारो बाळं अशी आंधळी झाली. तेव्हाच्या डॉक्टरांनाही तुमच्यासारखंच वाटत होतं, की जास्त दिला तर बरंच. फार कमी ठेवला तर जिवावर बेततं. म्हणून ९० ते ९५ च्या मधे सांभाळून ठेवतात.

शिवाय तिचं रक्तही आपल्यासारखं नाही. पोटात असताना माझ्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायचा, तर तिचं हिमोग्लोबिन माझ्यापेक्षा चिवट हवं. तसंच ते असतं, ऑक्सिजन घट्ट धरून ठेवणारं. पण बाहेर आल्यावर तेच हिमोग्लोबिन शरीराला ऑक्सिजन सोडताना जरा हात आखडतं. आणि ९२ म्हणजे जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं ९२ टक्के भरलेलं, इतकंच. हिमोग्लोबिनच कमी झालं तर आकडा तोच राहील, पण शरीराला पोचणारा ऑक्सिजन घटेल. साडेअकराशे ग्रॅमच्या जिवात रक्त सगळं मिळून शंभर मिलिलिटरच्या आसपास. म्हणून तपासणीला अर्धा मिलिलिटर घेतला तरी सिस्टर तो वहीत मांडून ठेवतात. ते पाहून मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

आई, तू व्हिडिओत पाहून विचारलंस, की बाटलीत ते बुडबुडे कसले. तो तिचा सीपॅप, श्वासाला आधार देणारं यंत्र. नाकात दोन इवल्या नळ्या, आणि हवा बाहेर जाण्याच्या नळीचं टोक पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवलेलं. तेवढाच दाब तिच्या फुफ्फुसांत कायम राहतो. फुगा पहिल्यांदा फुगवताना किती जोर लागतो, आठव. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसात सरफॅक्टंट नावाचा एक स्निग्ध थर असतो, त्यामुळे श्वास सोडला तरी आतले फुगे मिटत नाहीत. हिच्याकडे तो पुरेसा नव्हता. पहिल्याच दिवशी बारीक नळीने औषध म्हणून दिला, बाकीचं काम बुडबुडे करताहेत.

बाबा, १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन २.१ किलो, आपल्या पोरीच्या जवळजवळ दुप्पट. याच आजाराने तो ३९ तासांत गेला. तेव्हा सरफॅक्टंटचं औषध नव्हतं, सीपॅपही नव्हता. मी हे वाचलं आणि त्या बाटलीसमोर हात जोडले.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. परवा रात्री ती श्वास घ्यायचीच थांबली. आकडा ७१ पर्यंत उतरला, अंग काळंनिळं पडलं. सिस्टरनी एका बोटाने तिचा तळवा चोळला, आणि तिची छाती पुन्हा हलली. मेंदूतलं श्वासाचं केंद्र कच्चं असलं की असं होतं म्हणे. त्यासाठी रोज कॅफीन देतात. हो आई, कॉफीतलंच. काल एकदाच झालं, आज अजून नाही.

आज तिच्या हवेत ऑक्सिजन २५ टक्क्यांवर आणलाय. आपण घेतो त्या साध्या हवेत २१ असतो. बाबा, यापुढे फोनवर तिच्या हवेतल्या ऑक्सिजनचा हा आकडा विचारा, मी रोज सांगेन.

आणि उद्या, सगळ्या नळ्यांसकट, तिला माझ्या छातीवर ठेवणार आहेत. अकरा वाजता.

तुमची,
लेक